बोलोन्याहून, लाटण्याविषयी

बोलोन्या, इटली,
एप्रिल २०२६

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

निघताना तू जे काम अंगावर घातलं होतंस ते झालं. "जातोच आहेस तर नीट बघून ये, आपल्या पोळी-भाजी केंद्रात पास्ता करता येईल का, मावश्यांना जमेल का," असं म्हणाला होतास. उत्तर आधीच देऊन टाकतो. जमेल. पण नव्या टॉवरमधली पोरं फोनवर मागतात तो नाही, आणि मी इथे शिकलो तोही नाही. तिसराच एक आहे. त्याच्यापर्यंत यायला वेळ लागेल, आणि म्हणूनच पत्र लिहितोय. फोनवर तू दर दोन मिनिटांनी "हां ताई, सहा पोळ्या, एक भाजी" करतोस आणि माझं वाक्य लटकतं.

लेकीने आम्हाला पास्ता शिकवणाऱ्या एका वर्गात घातलं. "बाबा, चार चर्च बघून तुम्ही कंटाळाल आणि मग आईशी भांडाल, त्यापेक्षा हे करा," असं तिचं म्हणणं. ती ज्या विद्यापीठात काम करते ते १०८८ सालचं मानतात; म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी साडेपाचशे वर्षं इथे मुलं परीक्षेला घाबरत होती. गाव छान आहे. रस्त्याच्या कडेने घरांखाली कमानींच्या पडव्या आहेत, सगळ्या मिळून ६२ किलोमीटर, त्यामुळे पाऊस असला तरी छत्री घरी राहिली तर बिघडत नाही. युनेस्कोने २०२१मध्ये त्यांना जागतिक वारशात घेतलं. मध्यभागी दोन मनोरे आहेत. त्यातला बुटका फारच कलल्यामुळे ऑक्टोबर २०२३पासून भोवतालचा भाग बंद केलाय आणि शेजारच्या उंच असिनेल्लीवरही चढता येत नाही. माझ्या गुडघ्यांना ही बातमी आवडली. त्या असिनेल्लीचा पास्त्याशी संबंध आहे, तो पुढे येईलच.

वर्ग एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. आम्ही दोघं, एक डच जोडपं, कोरियाच्या तीन मुली. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या, आणि त्यांच्या इटालियनचं इंग्रजी करायला एक तरुण मुलगी. ही मुलगी दक्षिणेकडची, बारी गावची. तिला लक्षात ठेव.

तू पहिल्यांदा हत्यारांबद्दल विचारशील. पोळपाट म्हणजे मोठा चौकोनी लाकडी पाट, टेबलावर ठेवलेला आणि टेबलाइतकाच रुंद. लाटणं मीटरभर लांब, सरळ, मुठी नाहीत. दोन्ही लाकडीच हवीत असं बाईंनी पहिल्याच मिनिटाला बजावलं, कारण लाकडाचा खरखरीतपणा पोळीला उतरतो आणि त्यावर रस धरतो. संगमरवरी ओट्यावर लाटलेली पोळी गुळगुळीत होते आणि सगळा रस ताटलीत राहतो. तुझ्या केंद्रातला स्टीलचा ओटा बाद.

कणकेत काय काय? मऊ गव्हाचं अगदी बारीक दळलेलं पांढरं पीठ, शंभर ग्रॅमला एक अंडं. बस. मीठ नाही, तेल नाही, पाणी नाही. पास्त्यासाठी जास्त पिवळ्या बलकाची अंडी इथे वेगळी विकतात, आणि प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो. त्यातल्या पहिल्या आकड्यावरून कोंबडी कशी पाळली ते कळतं: शून्य म्हणजे सेंद्रिय, तीन म्हणजे पिंजऱ्यातली. आपल्याकडच्या पावतीपेक्षा अंडं जास्त बोलतं इथे. पिठाचं आळं करायचं, त्यात अंडी फोडायची, काट्याने आतल्या आत फेटत कडेचं पीठ ओढत जायचं. आळं फुटलं की अंडं पाटावरून पळतं. कोरियन मुलींपैकी एकीचं थेट डच गृहस्थांच्या मांडीवर गेलं. गोळा झाला की तळहाताच्या टाचेने दहा-पंधरा मिनिटं मळायचा, मग झाकून अर्धा तास मुरू द्यायचा. हे तुला सांगायला नको. कणीक मुरल्याशिवाय लाटायला घेतली तर ती मागे मागे येते, हे तुझ्या मावश्या तुला आणि मला दोघांना शिकवतील.

आता लाटणं, आणि इथे खरी गंमत आहे. हिला वाटलं होतं की इतकी वर्षं रोज पोळ्या लाटल्यात, हे आपल्या हातचं काम. बाईंनी दोनच मिनिटांत हिचं लाटणं धरलं आणि मान हलवली. आपण पोळी लाटताना वरून भार देतो आणि एका बाजूला थोडा जास्त देतो, म्हणजे पोळी आपोआप फिरते. इथे वरून भार द्यायचाच नाही. पोळीचं वरचं टोक लाटण्यावर गुंडाळून घ्यायचं, लाटणं पुढेमागे फिरवायचं आणि त्याच वेळी दोन्ही तळवे मधून कडेला सरकवत न्यायचे. पोळी दाबून नाही, ताणून पातळ होते. मग उलगडायची, थोडी वळवायची, पुन्हा गुंडाळायची. पोळी मोठी झाली की तिची अलीकडची कड पाटावरून खाली लोंबू द्यायची आणि पोटाने पाटाच्या काठाला दाबून धरायची, म्हणजे ताणताना सगळी पुढे सरकत नाही. "पोट नसलेल्या बाईने या धंद्यात येऊ नये," असं बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून मला वाव आहे असं सुचवलं.

किती पातळ? इथे टेकडीवर सान लुका नावाचं देऊळ आहे, गावातून तिथवर ६६६ कमानींची पडवी जाते. पोळीतून सान लुका दिसलं पाहिजे अशी म्हण आहे. बाईंनी आपली पोळी लाटण्यावर उचलून खिडकीत धरली. देऊळ दिसायला खिडकीच नको त्या दिशेला, पण समोरच्या भिंतीवरची सायकल चक्क दिसली. ती पोळी पाटाएवढी होती, एकसारखी, कुठे जाड नाही की विरलेली नाही. आमच्या वर्गात तशी कुणाची झाली नाही आणि तीन तासांत व्हावी अशी बाईंची अपेक्षाही नव्हती.

या बाईंना इथे स्फोल्यीना म्हणतात, म्हणजे पोळी लाटणारी. हा धंदा आहे, हौस नव्हे. ताज्या पास्त्याच्या दुकानांत मागच्या बाजूला अशा बायका उभ्या असतात, पहाटेपासून. बसून हे काम होत नाही. बाई चौदाव्या वर्षी लागल्या. त्यांनी बाह्या वर करून दाखवल्या तेव्हा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला स्पष्ट दिसत होता. डच बाईंनी "किती सुंदर परंपरा!" असं म्हटलं तेव्हा बाई हसल्या, त्या बारीच्या मुलीकडे बघून काहीतरी पुटपुटल्या, आणि तिने त्याचं भाषांतर केलं नाही. मला ते न ऐकताही कळलं. पर्यटकांच्या वर्गात पंधरा मिनिटांचं मळणं असतं आणि शेवटी वाइनचा पेला. रोज पहाटे चाळीस-पन्नास अंड्यांची कणीक असली म्हणजे काय होतं, ते त्या पेल्यात येत नाही. बाजाराच्या गल्लीत एका दुकानाच्या काचेआड हाताने केलेल्या तोर्तेल्लीनीचा, म्हणजे सारण भरून वळलेल्या छोट्या पास्त्याचा, भाव मी पाहिला, किलोला चाळीस युरोच्या आसपास. पहिल्यांदा डोळे पांढरे झाले. वर्गानंतर पुन्हा गेलो तेव्हा तो भाव मला वाजवी वाटला. यावर तुझ्याशी बोलायचं आहे, जरा थांब.

पोळी किंचित सुकली की गुंडाळी करून सुरीने पट्ट्या कापायच्या, त्या ताल्यातेल्ले. आणि आता असिनेल्ली. शिजल्यावर ताल्यातेल्लेची रुंदी आठ मिलिमीटर असली पाहिजे, असं इथे कागदोपत्री नोंदलेलं आहे. १६ एप्रिल १९७२ रोजी इटालियन पाकशास्त्र अकादमीच्या लोकांनी बोलोन्याच्या व्यापारी मंडळात ही नोंद केली. आठ मिलिमीटर म्हणजे असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग. नमुना म्हणून एक सोन्याची पट्टीही मंडळाच्या इमारतीत ठेवलेली आहे. आपल्या आयुष्याची तीस वर्षं सरकारी टिपणांत गेली, पण असा मस्त जीआर आपल्या हातून निघाला नाही. रागू म्हणजे त्यांचा खिम्याचा रस, त्याचीही पाककृती १९८२मध्ये तिथेच नोंदली आणि २०२३मध्ये सुधारून घेतली. सुधारित शासन निर्णय!

इथे लोक हे सगळं थट्टेने करतात आणि गंभीरपणे पाळतात. ताल्यातेल्लेची जन्मकथाही तशीच. १४८७मध्ये लुक्रेत्सिया द'एस्ते या राजकन्येचं लग्न होतं, तिच्या सोनेरी केसांवरून आचाऱ्याला पट्ट्या सुचल्या, असं गाइड सांगतो. लेकीने लगेच मला बाजूला घेऊन सांगितलं की ही गोष्ट ऑगस्तो मायानी नावाच्या बोलोन्याच्याच एका विनोदी चित्रकाराने १९३१मध्ये रचली. गाइडला माहीत असणारच. पण केसांची गोष्ट सांगितली की टीप जास्त मिळते.

आणि तुझी टॉवरवाली पोरं ज्याला स्पॅगेटी बोलोनीज म्हणतात, ते बोलोन्यात नाही. २०१९मध्ये इथल्या महापौरांनी जगभरच्या लोकांना त्या पदार्थाचे फोटो पाठवायला सांगितले होते आणि हे आमचं नव्हे असं जाहीर केलं होतं. रागू बसतो रुंद, खरखरीत पट्टीवर. गुळगुळीत दोरीवरून तो घसरतो. पांढऱ्या सॉसमध्ये मक्याचे दाणे घालून तू जे विकणार होतास त्याबद्दल मी बाईंना विचारलं नाही. पाहुण्याने मर्यादा पाळावी.

तोर्तेल्लीनीचा भाग आम्ही फक्त पाहिला, कारण आत डुकराचं मांस असतं: लॉइन म्हणजे पाठीचं मांस, कच्चं हॅम, मोर्तादेल्ला नावाचं सॉसेज, वर पार्मेझान चीज आणि जायफळ. तीन-साडेतीन सेंटिमीटरचा चौकोन, वाटाण्याएवढं सारण, त्रिकोणी घडी, आणि करंगळीभोवती वळवून टोकं चिकटवायची. बाई बोलता बोलता करत होत्या, न बघता. याही पाककृतीची १९७४मध्ये नोंद झाली आहे. २०१९च्या ऑक्टोबरात गावच्या संत पेत्रोनिओच्या उत्सवासाठी, डुक्कर न खाणाऱ्यांनाही जेवता यावं म्हणून कोंबडीच्या सारणाच्या तोर्तेल्लीनी करायचं ठरलं, तर देशभर रान उठलं. नुकतेच गृहमंत्रिपदावरून उतरलेले साल्विनी म्हणाले, आमचा इतिहास पुसला जातोय. चर्चकडून सांगण्यात आलं की नेहमीच्या तोर्तेल्लीनी असतीलच, या जास्तीच्या असतील. वाचताना मला वाटलं, आपल्याकडच्या कुठल्याही आठवड्याचं वर्तमानपत्र वाचतोय. एवढ्याशा घडीत काय भरलंय यावरून माणसं एकमेकांची जात काढतात, इथेही.

आता तुझ्या माळेचा प्रश्न. तू अंड्याला शिवत नाहीस, तेव्हा बोलोन्याचा पास्ता तुझ्याकडे संपला. मी भोपळ्याच्या नाहीतर रिकोत्ता चीजच्या सारणाचे मोठे तोर्तेल्ली खाल्ले, छान होते, पण आवरणात अंडं आहेच. शिवाय एक गोष्ट कान देऊन ऐक, कारण तुझ्या पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' लिहिलंय. खरं पार्मेझान, ज्याला इथे पार्मिज्यानो रेज्यानो म्हणतात, ते वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा रस, घालूनच करतात. त्यांच्या नियमातच आहे ते. कमीत कमी बारा महिने मुरवलेलं, चाळीस किलोच्या आसपासचं चाक, एका चाकाला साडेपाचशे लिटर दूध. वास असा की दुकानातून पाय निघत नाही. पण तुझ्यासाठी नाही. वनस्पतीजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासूनच्या रेनेटचं चीज आपल्याकडे मिळतं, डब्यावर हिरवा ठिपका बघून घे. कुणी 'अस्सल पार्मेझान, व्हेज' म्हणून विकायला आलं तर त्याला दोन पोळ्या खायला घाल आणि परत पाठव.

तर तो तिसरा प्रकार. जेवणाच्या आधी वेळ होता म्हणून बाईंनी गारगानेल्ली दाखवल्या. पोळीचा छोटा चौकोन, एका बारीक काडीवर तिरका गुंडाळायचा आणि फणीसारख्या दात्यांच्या पाटीवरून दाबत फिरवायचा, की वर रेघा उमटतात. ही एकदम ताठ झाली. "अहो, या आमच्या फणोल्या!" ते मराठीत म्हणाली, पण इतक्या मोठ्याने की सगळे थांबले. तुझ्या आईने वळवट केलेलं तुला आठवत असेल. उन्हाळ्यात दुपारी बायका जमून गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे करायच्या, रुखवतात मांडायच्या आणि मग कधीतरी त्याची खीर व्हायची. फणोल्या फणीवर दाबून. हिच्या आजोळी हे सगळं व्हायचं आणि हिचा हात अजून शाबूत आहे, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

मग ती बारीची मुलगी पुढे आली. म्हणाली, आमच्याकडे अंडं घालतच नाहीत. बाईंनी नाक मुरडलं, पण पाटाचा एक कोपरा दिला. मुलीने पिशवीतून कडक गव्हाचा बारीक रवा काढला, दोनदा दळलेला, पिवळसर. त्यात फक्त कोमट पाणी, रव्याच्या वजनाच्या निम्मं. मळायला जोर लागतो, कणीक घट्ट असते. दोरी वळायची, नखाएवढे तुकडे करायचे, आणि साध्या जेवणाच्या सुरीने एकेक तुकडा पाटावर ओढायचा की तो आत वळतो, मग अंगठ्यावर उलटा करायचा. झाली ओरेक्क्येत्ते, कानाच्या पाळीसारखी वाटी. जुन्या बारीत आर्को बास्सो नावाच्या गल्लीत बायका दारात बसून हे करतात आणि जाळीच्या चौकटींवर वाळत घालतात. बसून! खांद्याचा प्रश्न तरी मिटला.

हिने तिच्याच कणकेचा तुकडा घेतला आणि चिमटीत फिरवून गव्हले पाडायला सुरुवात केली, तांदळाच्या दाण्याएवढे, दोन्ही टोकं निमुळती. मग नखुले. मुलीने हातातलं काम ठेवून मोबाइल काढला आणि आजीला दाखवते म्हणून चित्रण केलं. बोलोन्याच्या बाईंनी एक गव्हला बोटावर घेऊन चष्म्याजवळ नेला, परत ठेवला आणि हिच्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर त्या दोघी कोणत्या भाषेत बोलत होत्या देव जाणे, पण जेवण होईपर्यंत बोलत होत्या. गेल्या डिसेंबरात युनेस्कोची बैठक दिल्लीला लाल किल्ल्यात भरली होती, तिच्यात इटालियन स्वयंपाक आणि आपली दिवाळी दोन्ही वारशाच्या यादीत गेली. मी म्हटलं, पुढच्या खेपेला गव्हल्यांचा अर्ज टाकू.

तेव्हा माझं मत असं. तू अंडं नसलेला, कडक गव्हाच्या रव्याचा पास्ता कर. आपल्याकडे बन्सी, बक्षी म्हणून जो गहू येतो तो याच जातीचा. इटलीत १९६७पासून कायद्याने सुका पास्ता या गव्हाचाच लागतो, म्हणजे माल हलका नाही. खपली गहूसुद्धा इथे फार्रो या नावाने मिळतो आणि त्याचा पास्ता महाग विकतात. आपण त्याच्या शेवया करतो आणि स्वस्तात देतो. यंत्र घेऊ नकोस. यंत्राचा पास्ता पोरांना कुठल्याही दुकानात मिळतो, तो तुझ्याकडे कशाला घेतील? पहिले काही दिवस फक्त ओरेक्क्येत्ते आणि फणोल्या. बारीत ओरेक्क्येत्तेबरोबर कडसर पालेभाजी घालतात, लसूण आणि मिरची टाकून. आपल्या मेथीने ते काम होईल असा माझा अंदाज आहे. वहिनींना विचार, त्यांचा शब्द माझ्या अंदाजापेक्षा खरा.

आणि आता भावाचं. 'हाताने केलेलं' अशी पाटी लावून तू दुप्पट पैसे घेशील, घ्यायलाच हवेस. पण मावश्यांना पोळीच्या दराने मोजू नकोस. एका पोळीला लागतो त्या वेळात नखुले मूठभरही होत नाहीत. तासाने पैसे दे, आणि काम बसून करू दे. तुझ्याकडे सगळ्यात जुन्या मावशी आहेत ना, ज्यांचा उजवा खांदा दुखतो म्हणून तू त्यांना हल्ली डबे भरायला बसवतोस, त्यांना आधी विचार. मराठवाड्याच्या आहेत, वळवट येत असणार. शिकवायला माझी गरजही पडणार नाही कदाचित. चिडू नकोस, तू कंजूष नाहीस हे मला माहीत आहे, पण हिशोबाच्या वहीत हाताचा वेळ लिहायचा रकानाच तुझ्याकडे नाही.

बाकी ठीक. माझं पोट बरं आहे, साखर थोडी वाढली असेल, लेकीला सांगितलेलं नाही. वरण-भाताची आठवण येते, पण हे हिच्यासमोर बोलत नाही, कारण ती रोज नवी चीजं चाखते आणि मला मागासलेला म्हणते.

तू एवढं करून ठेव. बन्सीचा रवा दोन किलो आण, शिऱ्याचा जाड नको, गिरणीवाल्याकडून पुन्हा एकदा बारीक काढून घे. एक जुना लाकडी पाट शोध, सनमायका लावलेला नको. सोमवारी केंद्र बंद असतं, त्या दिवशी आम्ही दोघं येतो. आणि ही सांगतेय, फणी कोरी आण. घरातली डोक्याची धुऊन चालेल असं म्हणशील, तर चालणार नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
पोट असलेला मित्र